आज्ञापालन आणि निर्णय : पोलीस शिपायाचे मूलभूत प्रशिक्षण

पोलीस शिपाई म्हणून निवड झालेल्या उमेदवाराला नियुक्तिपत्र हाती पडताच पोलीस ठाण्याचे काम दिले जात नाही. नियुक्ती आणि प्रत्यक्ष कर्तव्य यांच्या दरम्यान महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे नऊ महिन्यांचा जो निवासी शिक्षणक्रम असतो त्याला मूलभूत प्रशिक्षण म्हणतात, आणि या काळात उमेदवाराचा उल्लेख कागदोपत्री ‘नवप्रविष्ट पोलीस शिपाई’ असा केला जातो. मरोळ, खंडाळा, दौंडजवळचे नानवीज, जालना, अकोला, नागपूर, धुळे, सोलापूर, तासगावजवळचे तुरची, लातूरजवळचे बाभळगाव अशा ठिकाणच्या केंद्रांत हे प्रशिक्षण दिले जाते, तर उपनिरीक्षकांचे प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. शिक्षणक्रमाचे दोन भाग असतात. शारीरिक कसरत, कवायत, शस्त्रे, लाठी आणि जमाव-नियंत्रण यांचा समावेश असलेला मैदानावरचा भाग म्हणजे बाह्यवर्ग, आणि कायदे, पोलीस ठाण्याचे कामकाज, न्यायवैद्यक, प्रथमोपचार व मानवी हक्क हे विषय शिकवणारा वर्गखोलीतला भाग म्हणजे आंतरवर्ग.

या केंद्रांत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांच्या अनुभवाला एक विसंगती सतत येत राहते. सत्र संपताना शिपाई आज्ञा पाळण्यात तरबेज झालेला असतो, परंतु ठाण्यात रुजू झाल्यावर कायदा त्याच्याकडून ज्या गोष्टीची अपेक्षा करतो ती मुख्यतः आज्ञापालनाची नसून निर्णयाची असते. समोरच्या माणसाची तक्रार ऐकून घ्यायची की नाही, हात धरायचा की नोटीस द्यायची, काठी उगारायची की दोन पावले मागे सरायचे, हे ठरवताना त्याच्या शेजारी बहुतेक वेळा वरिष्ठ अधिकारी नसतो. मूलभूत प्रशिक्षणाच्या गरजांचा विचार करायचा तर तासांची बेरीज किंवा विषयांची यादी यांच्या आधी या एकट्या क्षणाचा विचार करावा लागतो, कारण प्रशिक्षणाची खरी कसोटी तेथेच लागते.

या विसंगतीचे मूळ इतिहासात आहे. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या भारतीय पोलीस आयोगाने शिपायांना नीट शिकवून मग कामावर पाठवावे असा आग्रह धरला, आणि त्याच काळात, १९०६ मध्ये, पुण्याजवळच्या भांबुर्डे येथे मुंबई इलाख्याची प्रशिक्षणशाळा सुरू झाली, जी १९०९ मध्ये नाशिकला हलवण्यात आली व पुढे महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणून विस्तारली. मात्र शिपायाकडे यांत्रिक स्वरूपाची कामे असावीत आणि विचाराची व जबाबदारीची कामे वरच्या हुद्द्यांकडे राहावीत, हे गृहीतकही त्या आयोगाच्या मांडणीत होते. अशा शिपायाला पहारा, गस्त, कैद्यांची ने-आण आणि हुकमाबरहुकूम हालचाल एवढे आले की पुरे होते, आणि त्यासाठी कवायत हे उत्तम साधन होते. १९७७ साली नेमलेल्या धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने हे गृहीतक तपासून पाहिले आणि शिपायाला स्वतःच्या विवेकाने काम करावे लागते, म्हणून त्याची भरती, शिक्षण व दर्जा यांत बदल व्हायला हवा, अशी भूमिका घेतली. त्याच्याही आधी, टाटा समाजविज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक आणि समाजशास्त्रज्ञ माधव सदाशिव गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ च्या अहवालात प्रशिक्षणाने कौशल्याइतकीच वृत्ती घडवली पाहिजे आणि त्यासाठी वर्तनशास्त्रांना अभ्यासक्रमात जागा मिळाली पाहिजे, असे सांगितले होते. कागदावरचे अभ्यासक्रम त्यानंतर बरेच बदलले, पण दिवसाच्या घडणीवर जुन्या गृहीतकाची छाप राहिली.

ही छाप भरतीपासूनच दिसते. किमान शैक्षणिक पात्रता बारावी असली तरी पदवीधर आणि पदव्युत्तर उमेदवार मोठ्या संख्येने अर्ज करतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते आणि तिच्यात पुरुषांसाठी १६०० मीटर व स्त्रियांसाठी ८०० मीटर धावणे, दोघांसाठी १०० मीटर धावणे व गोळाफेक यांचा समावेश होतो. लेखी परीक्षा १०० गुणांची असून तिच्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण यांवरचे प्रश्न विचारले जातात. खेड्यापाड्यांतली मुले-मुली यासाठी कित्येक वर्षे पहाटे डांबरी रस्त्यांवर धावतात, आणि त्यांच्या जिद्दीविषयी आदर वाटल्याखेरीज राहत नाही. परंतु ही निवडपद्धती दम आणि स्मरण मोजते. धीर, ऐकून घेण्याची ताकद आणि रागावरचा ताबा ती मोजत नाही, त्यामुळे हे गुण पारखण्याची आणि वाढवण्याची सगळी जबाबदारी प्रशिक्षण केंद्रावर येऊन पडते.

बाह्यवर्गाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पहिल्या आठवड्यात मैदानावर उभी राहिलेली तुकडी पाहिली तर वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, जातींतून आणि घरांतून आलेले तरुण एकमेकांपासून किती दूर उभे आहेत ते जाणवते. नव्या बुटांनी टाचा सोललेल्या असतात, ‘तेज चल’ म्हणताच काहींचा उजवा हात उजव्या पायाबरोबरच पुढे जातो, ‘दहिने मुड’ला दोघे-तिघे डावीकडे वळतात, आणि एकाच्या चुकीसाठी सगळी टोळी पुन्हा पहिल्या जागी आणली जाते. कवायत निर्देशक, ज्याला प्रशिक्षणार्थी ‘उस्ताद’ म्हणून ओळखतात, हा क्रम दिवसेंदिवस न कंटाळता चालवतो, आणि काही आठवड्यांनी तीच तुकडी एका पावलाने थांबते तेव्हा तिच्यात आपलेपणाही आलेला असतो. गणेश विसर्जनाच्या किंवा पंढरपूरच्या आषाढी वारीच्या बंदोबस्तात, जेथे सलग कित्येक तास उभे राहून गर्दीचा रेटा सांभाळावा लागतो, तेथे हा आपलेपणा आणि ही सहनशक्ती उपयोगी पडते. थकलेल्या शरीराने मनावर ताबा न सोडणे हा बाह्यवर्गाचा सर्वांत मोलाचा धडा आहे, जरी वेळापत्रकात तो त्या नावाने नोंदलेला नसतो.

याच मैदानावर जमावविरोधी कवायत शिकवली जाते, आणि आज्ञापालन व निर्णय यांची सीमारेषा तेथे स्पष्ट दिसू लागते. बेकायदेशीर जमाव पांगवण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा तो हजर नसल्यास उपनिरीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी यांनाच आहे. म्हणून तुकडीला आधी इशारा, मग पुरेसा अवधी, मग आदेश आणि शेवटी गरजेपुरतेच बळ असा क्रम घोटून घेतला जातो, आणि लाठीचा वार कमरेखालीच व्हावा हे वारंवार बजावले जाते. परंतु आदेश एकदा सुटल्यावर प्रत्येक शिपायाच्या हातातली लाठी त्याच्या एकट्याच्या ताब्यात असते. पळणाऱ्याच्या पाठीवर ती पडते की हवेत थांबते, जमिनीवर पडलेल्या माणसाला ओलांडून शिपाई पुढे जातो की तेथेच रेंगाळतो, याचा निर्णय कोणताही हुकूम घेऊ शकत नाही. सरावात प्रशिक्षणार्थ्यांचाच एक गट जमाव म्हणून समोर उभा केला जातो. ज्यांनी जमावाच्या बाजूने उभे राहून अंगावर चालून येणारी ढालींची रांग पाहिलेली असते, त्यांना लाठी आवरणे म्हणजे काय हे इतरांपेक्षा लवकर कळते, असा अनुभवी निर्देशकांचा निष्कर्ष आहे, आणि म्हणून प्रत्येकाला ही भूमिका मिळाली पाहिजे.

निर्णयशक्ती म्हणजे केवळ संयम नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हे केवळ काठीनिशी उभे असताना दहशतवादी अजमल कसाबच्या हातातल्या रायफलीला भिडले आणि त्यांच्या बलिदानामुळे तो जिवंत पकडला गेला. असे धैर्य कोणत्याही अभ्यासक्रमातून हमखास निर्माण करता येत नाही. मात्र जे दल कनिष्ठ हुद्द्यावरच्या माणसाला फक्त हुकमाचा ताबेदार समजते, ते त्याच्यातल्या या शक्यतेचीही उपेक्षा करते.

आंतरवर्गाची अडचण वेगळी आहे. पहाटेपासून मैदानावर घाम गाळून आणि न्याहारी उरकून प्रशिक्षणार्थी वर्गात बसतो तेव्हा त्याचे डोळे मिटू लागतात, आणि कलमांचे क्रमांक पाठ करण्यावर भर दिला तर हा वर्ग नुसता सोसण्याचा विषय होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्यावर जुने क्रमांक विसरून नवे लक्षात ठेवण्याची कसरत शिक्षकांनाही करावी लागली, आणि केवळ क्रमांकांच्या पाठांतरावर उभे असलेले ज्ञान किती तकलादू असते याचा प्रत्यय या निमित्ताने आला. ज्यांना तत्त्व कळले होते त्यांना क्रमांक बदलल्याने फारसे अडले नाही.

तत्त्व कळण्याचा मार्ग कृतीतून जातो, आणि पंचनाम्याचा सराव हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पंचनामा म्हणजे घटनास्थळाची, वस्तूची किंवा मृतदेहाची स्थिती पंचांसमक्ष, म्हणजे त्रयस्थ साक्षीदारांच्या हजेरीत, पाहून केलेली लेखी नोंद होय. केंद्रातल्या एका खोलीत घरफोडीचा देखावा उभा केला जातो, ज्यात दरवाजाचा कोयंडा उचकटलेला, कपाटाचे दार उघडे, कपडे जमिनीवर आणि पलंगाखाली एक पेचकस असतो. पहिल्या खेपेस बहुतेक जण ‘चोरट्यांनी दरवाजा तोडून घरातील सामान अस्ताव्यस्त केले आहे’ असे लिहून मोकळे होतात. मग निर्देशक विचारू लागतो की चोरट्यांना कोणी पाहिले, कुलूप तुटले की कोयंडा निघाला, दरवाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, पेचकस दरवाजापासून किती अंतरावर होता, खोलीत उजेड कशाचा होता, पंचनामा किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला, पेचकस सीलबंद करून त्यावर पंचांच्या सह्यांचे लेबल लावले का. पुढच्या खेपांमध्ये वाक्य बदलते आणि कागदावर उमटते की उत्तराभिमुख दरवाजाचा कोयंडा चौकटीतून उचकटलेला असून बंद स्थितीतील कुलूप त्याला तसेच लटकलेले आहे. पहिल्या वाक्यात तर्क होता, दुसऱ्यात निरीक्षण आहे, आणि या दोहोंमधला फरक हाताशी आला की तपासाचा पाया घातला गेला असे समजावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे, परंतु कॅमेरा कोठे रोखायचा हे ठरवण्यासाठीही आधी काय पाहायचे ते माहीत असावे लागते.

या सरावातून कायद्याची एक मोठी शिकवण आपोआप पोहोचते. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा भारतीय पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये कायम आहे. कोठडीतील व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हस्तगत झाली तर तेवढ्या शोधाशी संबंधित माहितीच ग्राह्य ठरते, आणि त्यासाठी निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने पंचांसमक्ष केलेल्या निवेदनाची नोंद, करावा लागतो. ज्या प्रशिक्षणार्थ्याला वस्तू, अंतर, सील आणि पंच यांची किंमत कळली आहे, त्याला मारहाण करून मिळवलेली कबुली न्यायालयात निरुपयोगी का ठरते हे समजावणे सोपे जाते. मारहाण अमानुष आहे हे तर सांगितलेच पाहिजे, पण ती तपासाचे अपयश झाकण्याचा प्रकार आहे हेही त्याच्या व्यावसायिक अभिमानाला पटले पाहिजे.

अटकेच्या नियमांचेही असेच आहे. डी. के. बसू खटल्यातील डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटक करणाऱ्याने नाव व हुद्दा दर्शवणारी स्पष्ट पट्टी लावावी, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा, नातेवाइकाला कळवावे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे बंधन घातले. पुढे त्यातील अनेक गोष्टी कायद्यात उतरल्या. त्याबरोबरच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) खाली, अटकेची आवश्यकता नसेल तेथे हजर राहण्याची नोटीस देण्याची तरतूद आहे, म्हणजे अटक न करणे हाही कायद्याने अपेक्षिलेला निर्णय आहे. प्रशिक्षणार्थी मनाने ज्या प्रतिमेसह आलेला असतो तिच्यात पोलीस म्हणजे पकडणारा माणूस असतो, आणि न पकडण्यातही कर्तव्य असते ही जाणीव त्याच्या ठायी रुजायला वेळ लागतो. तो वेळ वेळापत्रकात दिलाच पाहिजे.

सर्वांत कठीण शिक्षण ऐकण्याचे आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, आणि हद्द कोणाचीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी, ही ‘झिरो एफआयआर’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने कायद्यात आणली. तरीही ठाण्याच्या उंबऱ्यावर तक्रारदाराला प्रथम भेटणारा शिपाई त्याच्याकडे मान वर करून पाहतो की नाही, त्याला बसायला सांगतो की नाही, यावर त्या तरतुदींचे भवितव्य ठरते. हाताळणीचा हा प्रश्न स्त्रिया व बालके यांच्या बाबतीत अधिक नाजूक होतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे बालकाचा जबाब नोंदवणारा पोलीस अधिकारी गणवेशात असता कामा नये. नऊ महिने ज्या गणवेशाची इस्त्री, बिल्ला आणि पट्टा यांची कडक तपासणी होते, तो गणवेश कोणत्या क्षणी उतरवून ठेवायचा हेही त्याच प्रशिक्षणाचा भाग आहे. अशा प्रसंगांसाठी पोलिसांबाहेरच्या अनुभवाची मदत घ्यावी लागते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षाने प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेच्या आत बसून काम करू शकतात हे दाखवून दिले. अशा कार्यकर्त्यांचे एखादे व्याख्यान ठेवण्यापेक्षा त्यांच्यासमोर प्रशिक्षणार्थ्यांनी जबाब घेण्याचा सराव करावा आणि कोणता प्रश्न जखमेवर बोट ठेवतो ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावे, हे कितीतरी फलदायी ठरते.

केंद्रात मिळवलेले शिक्षण टिकते किती, हा पुढचा प्रश्न आहे. दीक्षांत संचलनानंतर नवीन शिपायांची नेमणूक बहुधा पोलीस मुख्यालयात होते आणि गार्ड, कैदी पार्टी, बंदोबस्त यांतच सुरुवातीची वर्षे जातात, त्यामुळे पंचनामा आणि जबाब यांचा सराव हातचा सुटतो. नंतर ठाण्यात आल्यावर एखादा जुना अंमलदार ‘तिथलं तिथं ठेव, इथं काम वेगळं असतं’ असे सांगतो, आणि नवखा माणूस ते प्रमाण मानतो, कारण रोजचा आधार त्याच्याकडूनच मिळणार असतो. अशा वेळी वाईट वळण लावणारा भेटतो तसाच उत्तम गुरूही भेटू शकतो, पण ही गोष्ट योगायोगावर सोडणे धोक्याचे आहे. प्रशिक्षण केंद्रातील नेमणूक ही बाजूला सारलेल्यांची जागा समजण्याची सवय दलात आहे, ती मोडली नाही तर चांगले तपास अधिकारी शिकवायला येणार नाहीत, आणि ज्याने स्वतः कधी न्यायालयात उलटतपासणीला तोंड दिलेले नाही त्याच्या तोंडून पुराव्याचे महत्त्व पोहोचणार नाही.

या साऱ्या अनुभवातून मूलभूत प्रशिक्षणाच्या किमान गरजा मांडता येतात. अंतिम परीक्षेत लेखी उत्तरांबरोबर प्रत्यक्ष कृतीला निर्णायक वजन असावे, म्हणजे चिडलेल्या तक्रारदाराचे म्हणणे नोंदवणे, अटकेचे कागद पूर्ण करणे, नोटीस बजावणे, पंचनामा लिहिणे आणि तो मांडून उलटतपासणीच्या प्रश्नांना उत्तरे देणे यांत जो अपुरा पडेल त्याला धावण्यात कमी पडलेल्याइतकाच पुन्हा सराव मिळावा. सत्राच्या मध्येच काही आठवडे निवडक ठाण्यांत, निवडक अंमलदारांच्या हाताखाली काम करून प्रशिक्षणार्थी केंद्रात परतावेत आणि तेथे पाहिलेल्या चांगल्या-वाईट गोष्टींची चर्चा मोकळेपणाने व्हावी. मैदानावरचा निर्देशक आणि वर्गातला निर्देशक यांनी एकमेकांचे तास पाहावेत, जेणेकरून लाठी शिकवताना कायदा आणि कायदा शिकवताना दमलेले शरीर विसरले जाणार नाही. आणि प्रशिक्षणार्थ्याला या नऊ महिन्यांत जी वागणूक मिळते तीच तो पुढे नागरिकाला देतो, हे लक्षात घेऊन अपमान हे शिस्तीचे साधन म्हणून वापरणे पूर्णपणे थांबावे, कारण ज्याचे म्हणणे कधी ऐकून घेतले गेले नाही त्याच्याकडून ऐकून घेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

डायल ११२ वर आलेल्या हाकेला रात्री-अपरात्री जे दोन शिपाई जाऊन पोहोचतात, त्यांच्या रूपाने त्या घरापुरते संपूर्ण राज्यघटनेचे आश्वासन दारात उभे राहते. ते पाळण्याची पात्रता त्यांच्यात आणणे हे राज्याचे कर्तव्य आहे, आणि मनुष्यबळाची निकड कितीही असली तरी हे शिक्षण उरकून टाकण्याची मुभा ती देत नाही. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ या ब्रीदातील सत् कोण आणि खल कोण हे घटनास्थळी ओळखण्याचे काम शेवटी शिपायालाच करावे लागत असेल, तर ते ओळखायला त्याला शिकवले पाहिजे, आणि मूलभूत प्रशिक्षणाची पहिली गरज हीच मानली पाहिजे.